करिबा : झांबेझीला लावलेला सापळा

१९०६ साली आफ्रिकेच्या दक्षिण भागात एक कंपनी निघाली. तिचे नाव व्हिक्टोरिया फॉल्स पॉवर कंपनी. झांबेझी नदीवरच्या जगप्रसिद्ध धबधब्यापाशी वीज तयार करायची, ती तारांवरून हजारेक किलोमीटर दूर न्यायची आणि जोहान्सबर्गजवळच्या सोन्याच्या खाणींना विकायची, असा तिचा बेत होता. त्या काळी एवढ्या लांब वीज नेणे जवळजवळ कोणालाच जमलेले नव्हते. लवकरच हिशोब झाला आणि लक्षात आले की, खाणींच्या शेजारीच कोळसा आहे. तो जाळावा हे सोपे. मग कंपनीने ट्रान्सवालमध्ये कोळशावरची वीज केंद्रे उभारली आणि भरपूर पैसा मिळवला. नाव मात्र धबधब्याचेच राहिले. वर्षानुवर्षे धबधब्याच्या नावाने कोळशाची वीज विकली जात होती.

मी काही इंजिनियर नाही. बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. मेगावॅट म्हटले की मला अजूनही बोटांवर शून्ये मोजावी लागतात. पण नद्यांचे मला वेड आहे, आणि झांबेझीची गोष्ट वाचताना ही कंपनी भेटली तेव्हा मी थबकलो. एखाद्या नदीत किती वीज ‘दडलेली’ आहे हे सांगणारे आकडे आपण नेहमी ऐकतो. तो आकडा कोण काढतो, कोणासाठी काढतो आणि त्यात काय धरलेले नसते, याची एक गोष्ट आज सांगणार आहे.

झांबेझी ही आफ्रिकेतली चौथ्या क्रमांकाची लांब नदी. झांबियाच्या वायव्य कोपऱ्यात ती उगम पावते, अंगोलातून वळसा घालून परत झांबियात येते, मोठमोठ्या पूरमैदानांतून संथ वाहते आणि मग अचानक कड्यावरून खाली कोसळते. तोच हा धबधबा. रुंदी पावणेदोन किलोमीटरच्या जवळपास, उंची शंभर मीटरहून अधिक. डेव्हिड लिव्हिंग्स्टन या मिशनरी प्रवाशाने नोव्हेंबर १८५५ मध्ये तो पाहिला आणि आपल्या राणीचे नाव त्याला दिले. तिथल्या लोकांनी त्याला आधीच एक नाव दिलेले होते : मोसी-ओआ-तुन्या, म्हणजे गर्जणारा धूर. यातले चांगले नाव कोणते, हे सांगायला कवी कशाला हवा!

धबधब्यानंतर नदी अरुंद घळीतून धावते, मग ग्वेंबेच्या खोऱ्यात पसरते, पुन्हा एका घळीत शिरते आणि अखेर मोझांबिकमधून हिंदी महासागराला मिळते. तिचे खोरे आठ देशांत पसरले आहे आणि त्याचे क्षेत्रफळ साडेचार महाराष्ट्र मावतील एवढे आहे. ग्वेंबे संपते तिथल्या घळीत एक खडक होता. त्याला स्थानिक लोक करिवा म्हणत. करिवा म्हणजे सापळा. त्या शब्दाचे इंग्रजांच्या तोंडी करिबा झाले. खडक आता धरणाच्या पाण्याखाली आहे. नाव तेवढे वर उरले आहे.

आता विजेची गरज कुठून आली ते पाहू. आजच्या झांबियाला तेव्हा उत्तर ऱ्होडेशिया म्हणत आणि झिंबाब्वेला दक्षिण ऱ्होडेशिया. दोन्ही ब्रिटिश अमलाखाली. उत्तरेला तांब्याचा प्रचंड साठा सापडला आणि १९३०च्या सुमारास तिथे मोठ्या खाणी सुरू झाल्या. तांबे खणायला, वितळवायला, शुद्ध करायला वीज लागते. ती कोळशावर तयार होई, आणि कोळसा येई दक्षिणेकडच्या वांकीच्या खाणीतून, शेकडो किलोमीटर रेल्वेने. दुसऱ्या महायुद्धानंतर तांब्याची मागणी वाढली. वांकीचा कोळसा पुरेना, पुरला तर वाघिणी मिळेनात. तेव्हा खाणवाल्यांनी काय केले? आजूबाजूचे जंगल तोडून लाकडे वीज केंद्रांच्या भट्टीत घातली. विसाव्या शतकाच्या मध्यावर, जगाला तांब्याच्या तारा पुरवणारा प्रदेश स्वतःची वीज चुलीसारखी सरपणावर तयार करत होता! १९५६ पासून शेजारच्या बेल्जियन काँगोतून थोडी जलविद्युत आणली गेली, पण ती तात्पुरती सोय होती.

म्हणजे नदी अडवायची हे ठरल्यातच जमा होते. प्रश्न होता, कोणती नदी आणि कुठे. उत्तर ऱ्होडेशियाचे म्हणणे, काफुए नदीवर धरण बांधा. काफुए ही झांबेझीची उपनदी, पूर्णपणे उत्तरेच्या हद्दीत. काम लहान, खर्च कमी, वीज लवकर. पण १९५३ मध्ये दोन्ही ऱ्होडेशिया आणि न्यासालँड, म्हणजे आजचा मलावी, यांचे एक संघराज्य बनवण्यात आले होते. त्याची सूत्रे दक्षिणेच्या गोऱ्या वसाहतवाल्यांच्या हाती होती. त्यांना दोन्ही भूभागांना बांधून ठेवील असे काहीतरी भव्य हवे होते, आणि करिबाची घळ नेमकी दोघांच्या सीमेवर. धरणाचे एक टोक उत्तरेत, दुसरे दक्षिणेत. मार्च १९५५ मध्ये संघराज्याचे पंतप्रधान लॉर्ड मॅल्व्हर्न यांनी करिबा जाहीर केले. उत्तरेत त्यावर मोठा संताप उसळला. जागतिक बँकेने १९५६ मध्ये ८ कोटी डॉलरचे कर्ज दिले. बँकेने तोवर कोणत्याही एका प्रकल्पाला एवढे कर्ज दिलेले नव्हते. तांब्याच्या कंपन्यांनीही पैसे घातले. पहिले वीजघर कुठे झाले? दक्षिण तीरावर. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

या सगळ्या चर्चेत एक गोष्ट जवळजवळ आलीच नाही. घळीच्या वरच्या अंगाला जे ग्वेंबे खोरे बुडणार होते, तिथे माणसे राहत होती.

ते टोंगा लोक. नदीच्या दोन्ही तीरांवर त्यांची गावे होती. नकाशावरची सीमा नदीच्या मधून जात होती, पण सोयरीक या तीरावरून त्या तीरावर होई, होडीतून पाहुणे येत-जात. पाऊस बेभरवशाचा, उष्मा जबर. मग हे लोक जगत कसे? आपल्याकडे धरणाचे पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या ओल्या जमिनीवर गाळपेर करतात, तशी ते झांबेझीच्या काठी गाळपेर करत. पूर ओसरला की मागे राहिलेल्या काळ्या गाळात मका पेरायचा. पावसाळ्यात वरच्या रानात बाजरी-ज्वारी, आणि कोरड्या महिन्यांत नदीकाठी दुसरे पीक. एक हुकले तर दुसरे हाताशी. नदीकाठचे हे तुकडे पिढ्यान्‌पिढ्या घराण्यांत चालत आलेले. टोंगांमध्ये वारसा आईच्या बाजूने चालतो, आणि यातल्या पुष्कळ तुकड्यांवर बायकांचा हक्क होता. झांबेझीची शक्ती म्हणाल तर त्यांच्या दृष्टीने ती त्या गाळात होती. तिचे मेगावॅट कोणी मोजले नव्हते.

नदीत न्यामिन्यामी राहतो, अशी त्यांची श्रद्धा. शरीर सापाचे, तोंड माशाचे. धरण बांधले तर तो आणि त्याची बायको भिंतीच्या दोन बाजूंना अडकतील आणि मग तो भिंत ठेवणार नाही, असे सांगितले जाई. धरणाचे काम करणाऱ्यांनी ही गोष्ट हसण्यावारी नेली असणार. त्यांच्यापाशी नदीच्या प्रवाहाच्या नोंदी होत्या. पण त्या नोंदी होत्या जेमतेम पन्नास वर्षांच्या.

मार्च १९५७ मध्ये नोंदींत कुठेच नव्हता असा पूर आला. बांधकामासाठी घातलेला बांध बुडाला, यंत्रे वाहून गेली. तज्ज्ञांनी सांगितले, असा पूर शंभर वर्षांत एकदा येतो. पुढच्याच वर्षी, मार्च १९५८ मध्ये, त्याहून मोठा आला. सेकंदाला सोळा हजार घनमीटर पाणी त्या घळीतून गेले. झुलता पूल गेला, मोटारींचा पूलही गेला. आता हिशोब नव्याने करावा लागला. सांडव्याला आधी चार दरवाजे ठेवायचे ठरले होते, ते अखेरीस सहा झाले. टोंगांना अर्थातच या कशाचे नवल वाटले नाही.

धरण बांधण्याचे कंत्राट इटालियन कंपन्यांच्या गटाकडे होते. आराखडा आंद्रे क्वान या नामांकित फ्रेंच अभियंत्याचा. भिंत १२८ मीटर उंच, कमानीसारखी वाकलेली. आपल्या वजनाने पाणी थोपवणारे हे धरण नाही. कमान पाण्याचा दाब दोन्ही बाजूंच्या डोंगरांवर टाकते, त्यामुळे काँक्रीट कमी लागते. बांधकामात ८६ माणसे मेली. फेब्रुवारी १९५९ मध्ये एका उभ्या विवरातले मचाण कोसळून एकदम सतरा कामगार ओल्या काँक्रीटमध्ये पडले. इटालियन कामगारांनी वरच्या टेकडीवर गोल आकाराचे एक छोटे चर्च बांधले आहे. मेलेल्यांची नावे तिथे लिहिलेली आहेत. इटालियनांची आणि आफ्रिकनांचीही.

डिसेंबर १९५८ मध्ये पाणी अडवायला सुरुवात झाली. तोवर सुमारे ५७ हजार टोंगांना हलवलेले होते.

या हलवण्याची हकिगत आपल्याला इतक्या बारकाव्याने माहीत आहे याचे कारण दोन माणसे. एलिझाबेथ कोल्सन ही अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाई १९४६ पासूनच टोंगांमध्ये काम करत होती. १९५६ मध्ये ती थेअर स्कडर नावाच्या तरुण सहकाऱ्याला घेऊन ग्वेंबेत गेली. खोरे बुडण्यापूर्वी तिथले जीवन कसे आहे, ते लिहून ठेवायचे आणि बुडाल्यावर काय होते ते पाहायचे, असा त्यांचा बेत. ते पाहणे पुढे अर्ध्या शतकाहून अधिक चालले. कोल्सनबाई निवृत्तीनंतर टोंगांच्या मुलखातच राहिल्या आणि २०१६ मध्ये वयाच्या ९९व्या वर्षी तिथेच वारल्या. धरणांमुळे उठलेल्या लोकांविषयी जगात आज जे शास्त्र आहे, त्यातला मोठा भाग या दोघांच्या वह्यांतून आला आहे.

त्या वह्यांत चिसोमू नावाचे गाव आहे. उत्तर तीरावरच्या त्या भागातल्या लोकांना लुसितू इथे जायला सांगण्यात आले होते. धरणाच्या खालच्या बाजूला, शंभर मैलांवर. नदी अडवणार आणि खोरे समुद्र होणार, यावर पुष्कळांचा विश्वासच बसत नव्हता. आपल्या जमिनी गोऱ्यांना हव्यात, म्हणून ही सबब, असे त्यांना वाटे. गोऱ्यांच्या राज्यात जमिनी कशा गेल्या हे त्यांनी पाहिले होते, तेव्हा हा संशय काही वेडगळ म्हणता येणार नाही. हॅरी न्कुम्बुला यांचा आफ्रिकन नॅशनल काँग्रेस पक्षही या स्थलांतराच्या विरोधात होता. लोकांनी ट्रकमध्ये चढायला नकार दिला. उत्तर ऱ्होडेशियाचे गव्हर्नर सर आर्थर बेन्सन स्वतः समजूत घालायला आले. उपयोग झाला नाही. १० सप्टेंबर १९५८ रोजी भाले घेऊन आलेल्या गावकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. आठ जण ठार झाले, तीसहून अधिक जखमी. उरलेल्यांना ट्रकमध्ये घालून लुसितूला नेण्यात आले.

लुसितूत पहिल्या वर्षी हगवणीने लहान मुले गेली. १९५९ मध्ये काही आठवड्यांत पन्नासहून अधिक बायका-मुले अचानक मेली. अनोळखी रानातली एखादी विषारी वनस्पती भाजी म्हणून खाल्ली गेली असावी, असा तर्क झाला, पण खात्रीने कोणालाच सांगता आले नाही. रानभाज्यांची ओळख जन्मभर एकाच रानात होते. ग्वेंबेतल्या आईला आपल्या काठावरचे कोणते पान चालते आणि कोणते नाही, ते बरोबर माहीत असणार. ते ज्ञान ट्रकमध्ये घालून नेता येत नव्हते.

त्याच सुमारास करिबाची बातमी जगभर गाजली, ती मात्र वेगळ्या कारणाने. पाणी चढू लागले तशा टेकड्यांची बेटे झाली आणि त्यांवर हजारो जनावरे अडकली. रूपर्ट फॉदरगिल या वनाधिकाऱ्याच्या मार्गदर्शनाखाली होड्या निघाल्या आणि हरणे, गेंडे, रानडुकरे, सापसुद्धा उचलून काठावर नेण्यात आले. पाच-सहा वर्षे हे काम चालले. सहा हजारांच्या आसपास प्राणी वाचले. ‘ऑपरेशन नोहा’ हे त्या मोहिमेचे नाव. प्रलयात प्राण्यांच्या जोड्या नावेत घेणारे पैगंबर ते हेच, आम्ही त्यांना नूह म्हणतो. काम चांगलेच होते, त्याला नाव ठेवण्याचे कारण नाही. पण मदतीसाठी युरोपातल्या लोकांनी पैसे पाठवले ते हरणांसाठी. चिसोमूच्या आठ मृतांची नावे किती वृत्तपत्रांनी छापली असतील?

मे १९६० मध्ये ब्रिटनच्या राजमातेच्या हस्ते करिबाचे उद्‌घाटन झाले. तोवर वीज खाणींकडे जाऊ लागलीच होती. १९६३ मध्ये जलाशय भरला. तो केवढा? सुमारे २८० किलोमीटर लांब. मुंबईहून निघून सातारा मागे टाकावा एवढा. आपल्या कोयना धरणाचा साठा १०५ टीएमसी. करिबाचा साठा सहा हजार टीएमसीहून अधिक, म्हणजे अशी साठ कोयना. माणसाने तयार केलेला एवढ्या पाण्याचा जलाशय जगात दुसरा नाही.

कोयनेचे नाव मी तुलनेसाठीच घेतले असे नाही. करिबा भरले त्याच वर्षी, सप्टेंबर १९६३ मध्ये, त्या परिसरात भूकंपाचे धक्के बसू लागले. त्यातला मोठा सहा रिश्टरच्या आसपासचा होता. त्या भागात पूर्वी असे काही फारसे ऐकिवात नव्हते. चार वर्षांनी, ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयना हादरली. आमचे घर चिपळूणकडचे. माझा जन्म नंतरचा, पण आजी सांगे की भांडी फळीवरून पडली आणि माणसे कुडकुडत अंगणात उजाडेपर्यंत बसून राहिली. कोयनानगरला तर दीड-दोनशे माणसे गेली. जलाशयाच्या वजनामुळे आणि जमिनीत मुरणाऱ्या पाण्यामुळे भूकंप होऊ शकतात का, या विषयाच्या जगभरच्या पुस्तकांत तेव्हापासून करिबा आणि कोयना ही नावे शेजारी-शेजारी येतात. टोंगांनी तो धक्का न्यामिन्यामीच्या खात्यावर घातला असल्यास नकळे.

राजकारणाचे पुढे काय झाले? ज्या संघराज्याला बांधून ठेवण्यासाठी करिबा बांधले, ते १९६३ च्या अखेरीस मोडले. जलाशय भरला आणि राज्य फुटले! १९६४ मध्ये झांबिया स्वतंत्र झाला. दक्षिणेत मात्र इयन स्मिथच्या गोऱ्या सरकारने नोव्हेंबर १९६५ मध्ये एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केले. आता ते दक्षिण तीरावरचे वीजघर आठवा. झांबियाचे सगळे तांबे ज्या विजेवर चालत होते, तिची बटणे शत्रूच्या हातात होती. राष्ट्राध्यक्ष केनेथ कौंडा यांनी करिबाच्या रक्षणासाठी ब्रिटनकडे सैन्य मागितले. ते मिळाले नाही. मग झांबियाने काफुएच्या घळीवर, म्हणजे पंचावन्न साली नाकारलेल्या नदीवर, आपले वीज केंद्र बांधले आणि करिबाच्या उत्तर तीरावर दुसरे वीजघर कोरले. हे सारे पुरे व्हायला सत्तरचे दशक उलटत आले. खाली मोझांबिकमध्ये पोर्तुगीजांनी काहोरा बासा हे आणखी मोठे धरण उभारले. तिथली वीज चौदाशे किलोमीटरवर दक्षिण आफ्रिकेला जायची होती, पण यादवी युद्धात बंडखोरांनी तारांचे मनोरे उडवले आणि ते केंद्र ऐंशीच्या दशकापासून बरीच वर्षे जवळजवळ निकामी पडून राहिले.

या मोठ्या विजेतून ग्वेंबेला काय मिळाले? पोलादी मनोरे गावांवरून गेले. तारांतून वीज खाणींना आणि शहरांना गेली. खाली टोंगांच्या झोपड्यांत कित्येक दशके रॉकेलची चिमणी आणि चुलीतले लाकूड. नव्या जमिनी खडकाळ होत्या, त्यातच माणसे दाटीने बसवलेली. थोड्याच वर्षांत त्यांचा कस गेला. जलाशयात १९६७-६८ मध्ये टांगानिका सरोवरातला कापेंटा नावाचा इवलासा मासा आणून सोडला. तो खूप फळला, वाळवलेला कापेंटा आज दोन्ही देशांतल्या बाजारांत मिळतो. पण त्याला पकडायला यांत्रिक तराफे आणि रात्री दिवे लागतात, तेव्हा तो धंदा प्रामुख्याने भांडवलवाल्यांचा झाला. १९९०च्या दशकाच्या अखेरीस जागतिक बँकेच्या मदतीने उत्तरेकडच्या ग्वेंबे टोंगांसाठी पुनर्वसनाचा एक नवा प्रकल्प आखला गेला. रस्ते, विहिरी, शाळा. धरण होऊन तेव्हा चाळीस वर्षे झाली होती.

याच काळात जागतिक धरण आयोग नेमला गेला. बारा सदस्य. त्यात आपल्या मेधा पाटकर होत्या आणि थेअर स्कडरही होते. १९५६ मध्ये ग्वेंबेत वही घेऊन गेलेला तो तरुण आता सत्तरीला टेकला होता, आणि नर्मदेच्या काठावरून आलेल्या मेधाताई त्याच टेबलाशी बसल्या होत्या. आयोगाने तपशिलात अभ्यासलेल्या मोजक्या धरणांत करिबा होते. नोव्हेंबर २००० मध्ये अहवाल आला. धरणांनी फायदा पुष्कळ दिला, पण त्याची किंमत नको इतकी आणि भलत्याच लोकांनी चुकवली, असा त्याचा रोख होता. कोयनेच्या धरणग्रस्तांना सहा दशकांनंतरही हक्कांसाठी ठिय्या मारून बसावे लागले, हे ज्यांनी पाहिले त्यांना हे अहवालातून कळायची गरज नव्हती.

आणि तरीही आकडा पुन्हा येतोच. जागतिक बँकेच्या २०१० च्या अभ्यासाने झांबेझी खोऱ्याची जलविद्युत क्षमता सुमारे १३ हजार मेगावॅट धरली. त्यांपैकी पाच हजारांच्या आसपास तेव्हा वापरात होती. उरलेली आठ हजार ‘वाया जाते’, अशी भाषा मग सुरू होते. धबधब्याच्या खाली बाटोका घळीत २,४०० मेगावॅटचे धरण बांधायची योजना कित्येक वर्षे कागदावर आहे. मला ती भाषा खटकते. वाहणारे पाणी वाया जाते असे मानणाऱ्याने गाळपेर कधी पाहिलेली नसते. पण दुसरी बाजूही आहे, आणि ती नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. झांबियात निम्म्याच्या आसपास घरांत आजही वीज नाही. बहुसंख्य बायका लाकडावर नाहीतर लोणारी कोळशावर स्वयंपाक करतात आणि त्यासाठी जंगल जळते आहे. वीज नको, असे त्या बाईला कोण सांगणार?

अडचण अशी की, क्षमतेचा आकडा पाऊस नेमाने पडेल असे धरून काढलेला असतो. सत्तावन्न-अठ्ठावन्नला नदीने जास्त पाणी आणून हिशोब चुकवला. अलीकडे ती कमी पाणी आणून चुकवते आहे. १९९१-९२ चा दुष्काळ, मग २०१५-१६ चा, मग २०१९ चा. नोव्हेंबर २०२२ मध्ये करिबाच्या वापरण्याजोग्या साठ्यातले पाच टक्क्यांहून कमी पाणी उरले, आणि झिंबाब्वेने आपला वाटा संपवल्यामुळे दक्षिण तीरावरची वीजनिर्मिती थांबवायला सांगण्यात आले. २०२३-२४ चा पावसाळा तर कोरडाच गेला. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी झांबियाने राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. ज्या देशाची ऐंशी टक्क्यांहून अधिक वीज पाण्यावर, तिथे त्या वर्षी कित्येक भागांत दिवसाला एकवीस-एकवीस तास वीज नव्हती. एकवीस तासांचे भारनियमन! आपल्याकडे आठ तासांनी आंदोलने होत. लुसाकातल्या शिंप्यांची, गिरण्यांची, न्हाव्यांची कामे बंद पडली. शहरांत लोणारी कोळशाला मागणी वाढली. धरण असूनही जंगल तुटले.

मग पुन्हा दगडी कोळसा आठवला. वांकीला आज ह्वांगे म्हणतात. तिथे २०२३ मध्ये ६०० मेगावॅटचे दोन नवे संच सुरू झाले. त्याआधी २०१६ पासूनच ग्वेंबे खोऱ्यातल्या मांबा इथे ३०० मेगावॅटचे कोळशावरचे वीज केंद्र चालू आहे. ते उभारणारी कंपनी हैदराबादची. म्हणजे कोळशाला पर्याय म्हणून जे खोरे बुडवले, त्याच खोऱ्यात कोळशाची वीज. १९०६ च्या त्या कंपनीची आठवण होते. सूर्याकडेही पाहू लागले आहेत. जून २०२५ मध्ये चिसांबा इथे १०० मेगावॅटचा सौर प्रकल्प सुरू झाला.

करिबाच्या भिंतीलाही आता डागडुजी लागते आहे. दरवाजांतून पडणाऱ्या पाण्याने पायथ्याशी ऐंशी मीटर खोल डोह कोरला. तो भिंतीच्या पायाकडे सरकू नये म्हणून २०१७ पासून दुरुस्तीचे मोठे काम हाती घेण्यात आले. त्याला मूळ कर्जाच्या आकड्याहून कितीतरी जास्त डॉलर लागत आहेत.

न्यामिन्यामी आता लाकडी काठ्यांवर कोरलेला मिळतो. पर्यटक विकत घेतात. त्याची बायको भिंतीच्या कोणत्या बाजूला आहे, याबद्दल दुकानदारांत एकमत नाही असे मी समजून चालतो.

आणि ज्या वर्षी पाऊस कमी पडतो, वीजघरांतली जनित्रे बंद पडतात आणि जलाशय मागे हटतो, त्या वर्षी काठावरचे टोंगा लोक खाली उतरतात. उघड्या पडलेल्या ओल्या जमिनीवर ते मका, भोपळा, रताळी लावतात. पाणघोडे ते तुडवतात, हत्ती खातात. उरेल ते घरी येते. जमीन कोणाच्याच नावावर नाही, ती जलाशयाची. पुढच्या वर्षी पाणी कुठवर चढेल, ते वर अंगोलात पाऊस किती होतो आणि खाली किती जनित्रे चालतात, यावर ठरते. ते काठावर कळायला उशीर होतो, म्हणून लवकर येणारे पीक पेरतात.